सुकाणूवरून

आठ जणी पाठमोऱ्या जायच्या अंतिम रेषेकडे,
एकटी मीच तोंड करून बसलेली.
पण खरं सांगू, झाम्फिरा?
रेषा मी कमी पाहिली, तुझा चेहरा जास्त.
गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळून, सहा वर्षं.
दीड हजार मीटरला तुझ्या कपाळावर
एक शीर उडू लागायची,
तेव्हा मी ओरडायचे, "आता!"
बाकीच्या सात जणींना वाटायचं
मी घड्याळ बघून ओरडते.

तुझ्या गावाला साधं तळंही नव्हतं.
नजर जाईल तिथवर मका, मध्ये एक विहीर,
तिचा रहाट तू एका हाताने फिरवायचीस.
शाळेत एक माणूस आला राजधानीतून, टेप घेऊन.
मुलींना भिंतीशी उभं करून, हात पसरायला लावून
मोजत गेला, बाजारात गाय पारखावी तसा.
एकशे ब्याऐंशी, त्याने लिहिलं.
नाव नंतर विचारलं.
आईने फडक्यात मक्याचा सांजा बांधून दिला,
चीज, दोन कांदे,
आणि विचारलं, "नावेत बसून जायचं कुठे असतं?"
तू म्हणालीस, "कुठे नाही. जायचं नि परत यायचं."

मग ती फायनल.
शेवटचे दोनशे मीटर, आपण तिसऱ्या.
तुझं वल्हं पाण्याने धरून ठेवलं,
एका श्वासापुरतं.
तेवढ्यात शेजारच्या नावेचं टोक
माझ्या खांद्यापाशी आलं, आणि पुढे गेलं.

चौथ्यांचा फोटो कोणी काढत नाही.
बंद खोलीत साहेबांनी विचारलं, कोण चुकलं?
"हात माझा," तू म्हणालीस.
मी कोपऱ्यात उभी होते, पंचेचाळीस किलोंची,
ओल्या टॉवेलात.
सुकाणू मी वळवलं होतं, बोटभर,
एका बोयाला घाबरून.
नाव डावीकडे कलली, म्हणून पाणी तुझ्या वल्ह्यावर चढलं.
हे नावेत कोणाला कळणार होतं?
कळलं असेल तर फक्त तुला.
तू माझ्याकडे तोंड करून बसली होतीस.

चार वर्षांनी कांस्य आलं.
ते तुझ्या आईने लसणाच्या माळांशेजारी टांगलं,
पाहुणा आला की लसूणच आधी दाखवायची.

आता तू राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक,
आणि मी तुझ्या मोटरबोटीची ड्रायव्हर.
मार्चमध्ये आपण गावोगाव हिंडतो.
टेप तसलीच, पिवळी, कडा फाटलेली.
तू नाव आधी विचारतेस,
मग घरी कोण कोण, मग पाण्याची भीती वाटते का,
हात सगळ्यांत शेवटी.

नऊ जणींतून आठ निवडायच्या होत्या त्या रात्री
तुझ्या खोलीतला दिवा विझला नाही.
सकाळी कात्रिनेलची बॅग तू स्वतः उचललीस.
ती रडत पुढे, तू मागे, स्टेशनपर्यंत.
गाडी दोन तास उशिरा होती, तू बसून राहिलीस.
काय बोललात, मी विचारलं नाही.
परत येताना तुझ्या काखेत एक पाव होता,
अर्धा खाल्लेला.

स्नागोव्हवर आज धुकं.
वेतांमागे बेटावरची घंटा झाली, मठ दिसत नाही.
आठ पोरी आपल्याकडे तोंड करून वल्हवतायत,
आणि तू त्यांचे चेहरे बघतेयस,
कुठली शीर कधी उडते ते.
कर्णा हातात आहे, ओठांना लावत नाहीस.
मध्येच, मागे न वळता, म्हणालीस,
"सफ्ता, त्या दिवशी डावीकडून वारा होता का ग?"

अठ्ठावीस वर्षं.
एवढं मोठं दार तू उघडून धरलंस,
मी नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नव्हता," मी म्हटलं.

तू थर्मासचं झाकण फिरवलंस,
दोन कपांत कॉफी ओतलीस,
एक माझ्या हातात दिलास.
"इंजिन जरा हळू कर," म्हणालीस,
"पोरींच्या नावेला आपली लाट लागतेय."